चाळीस सेकंदांची साक्ष

रविवारी चर्चच्या मंडळीत साक्षी सुरू झाल्या, म्हणजे एकेक जण उठून देवाचे उपकार सांगू लागला, की थोरली मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायची. एका साक्षीला तीन मिनिटं, हा नियम तिनेच करून घेतला होता. तीन मिनिटं झाली की हातातली छोटी पितळी घंटा एकदा वाजवायची, साडेतीन झाली की दोनदा. चौथ्या मिनिटापर्यंत कोणी पोचलंच, तर ती मान वर करून नुसती बघायची. तेवढ्यात त्या माणसाला आमेन सुचायचं.

तिचं म्हणणं साधं होतं. लोक देवाची स्तुती करायला उठतात आणि स्वतःची पाठ थोपटून खाली बसतात. बांधकामाचा ठेकेदार "माझ्यासारख्या किड्याला" असं म्हणून सुरुवात करायचा आणि त्या किड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोणती फरशी बसली इथवर यायचा. निवृत्त मुख्याध्यापक दर महिन्याला गर्वाची कबुली द्यायचे. आपल्याला कशाकशाचा गर्व होऊ शकला असता, त्याची यादी त्या कबुलीत सविस्तर असायची. औषधांच्या दुकानाची मालकीण रडायची, पण थोरली पुढच्या बाकावर बसत असल्यामुळे तिला दिसायचं की रुमाल कोरडाच पिशवीत परत जातो.

थोरलीची स्वतःची साक्ष चाळीस सेकंदांची. आपण काहीच नाही, जे आहे ते त्याचं, त्याला गौरव असो. की बसली. बसताना ती इकडेतिकडे पाहायची नाही. मागच्या बाकांवर बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात, हे तिच्या पाठीलाच कळायचं. एवढी शिकलेली बाई, आणि बोलणं बघा किती थोडं. अख्ख्या मंडळीत नम्रतेच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट सर्वांत पक्की कोणाला ठाऊक असेल तर ती थोरलीलाच.

तिची धाकटी जाऊ म्हणजे उघडा राहिलेला नळ. किल्ली सापडली म्हणून स्तुती, दाढ दुखायची थांबली म्हणून स्तुती, दाढ पुन्हा दुखायला लागली तर निदान रविवारी नाही लागली म्हणून स्तुती. गाताना ती सूर असा सोडायची की बाजा वाजवणारे काका मान खाली घालून दोन पट्ट्या चुकायचे. थोरलीने घरी एकदा सुचवून पाहिलं की देवाला कमी ऐकू येत नाही. धाकटी म्हणाली, ऐकू येतं तर मग इतक्या वर्षांत त्याने तक्रार कुठे केलीय.

दोघी जावा कामालाही एकाच छपराखाली होत्या. ती वजनमापांची प्रयोगशाळा होती. सोनारांची, औषधांच्या कारखान्यांची, शाळा-कॉलेजांची वजनं तिथे तपासायला यायची आणि सही-शिक्क्याचा दाखला घेऊन परत जायची. आतल्या खोलीत, दगडी ओट्यावर, काचेच्या पेटाऱ्यात नाजूक तराजू होता. शेजारच्या खोलीत कोणी खुर्ची ओढली तरी त्याचा काटा नाराज व्हायचा. त्या खोलीची प्रमुख थोरली. पदार्थविज्ञान शिकलेली, एकोणीस वर्षांत एकही चूक नावावर नसलेली. वजनांना कधी बोट लावलं नाही. बोटाचा घामसुद्धा वजन वाढवतो, म्हणून चिमटा. लोक तिला मागून चिमटाबाई म्हणायचे, आणि तेवढ्याच कारणासाठी म्हणायचे असं तिला वाटायचं.

प्रमाण वजनांच्या पेटीत वीस ग्रॅमची वजनं दोन असतात. दिसायला सख्खी जुळी. त्यातल्या एकाच्या माथ्यावर खसखशीच्या दाण्याएवढा बिंदू ठोकलेला असतो, कारण जुळी झाली तरी ती तंतोतंत सारखी नसतात. या पेटीतलं साधं वजन किंचित जड होतं आणि बिंदूचं किंचित हलकं. फरक मिलिग्रॅमच्या बाराव्या हिश्श्याइतका. कोणतं किती जड, किती हलकं, हे दाखल्यावर लिहिलेलं असतं, आणि तोलणारा तेवढं हिशेबात धरतो. फक्त कोणतं कोणतं ते माहीत असायला हवं.

त्यासाठी थोरलीने स्वतःच्या ठळक अक्षरात एक पाटी लावली होती: 'बिंदू पाहण्यासाठी वाकू नये. श्वासाची वाफ वजनावर बसते. डावी खाच: साधं. उजवी खाच: बिंदूचं.' पेटी साफ करण्याचं काम ती दुसऱ्या कोणाला देत नसे. किल्लीही तिच्याच कमरेला.

दीड महिन्यापूर्वी तिने पेटी साफ केली, आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटीचे आकडे बिघडले.

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पितळेचा एक ठरलेला तुकडा तोलायचा आणि वहीत लिहायचा, अशी तिथली पद्धत. त्या तुकड्याचं वजन वर्षानुवर्षं तेच. धाकटीला तो जास्त भरला. दुसऱ्या दिवशी तेवढाच जास्त. पाचही दिवस जास्त, आणि पाचही दिवस तिने दिसलं ते लिहिलं. मग थोरलीकडे येऊन म्हणाली, "जाऊबाई, एकदा पेटी बघा ना."

"पेटी मी लावलीय," थोरली म्हणाली.

तेवढ्यावर विषय संपला. थोरलीने कपाटातली स्वतःची दुसरी पेटी काढली, तिच्यावर तो तुकडा तोलला, तो बरोबर भरला. म्हणजे दोष हाताचा. तिने अहवालात लिहिलं की यांचा हात जड आहे, सूक्ष्म कामास योग्य नाही, आणि खाली सही करताना तिला न्याय केल्याचं समाधान वाटलं. नात्यागोत्याची असूनही सोडलं नाही, हे प्रयोगशाळेच्या साहेबांच्या लक्षात येईल असंही वाटलं. धाकटीची रवानगी बाहेरच्या खिडकीवर झाली, अर्ज घ्यायला आणि शिक्के मारायला. तिच्या जागी आले मिशीवाले. हे गृहस्थ तिथे केस पिकेपर्यंत टिकले होते. त्यांना तो तुकडा पहिल्या दिवसापासून अगदी बरोबर भरला. थोरलीने त्यांच्या नावापुढे 'अचूक' असा शेरा मारला.

त्या रविवारी धाकटी साक्ष द्यायला उठली. म्हणाली, देवाने मला खिडकी दिली. तिथून रस्ता दिसतो, समोर चांभार बसतो, त्याच्या मांडीवर मांजर बसतं. दिवसभर माणसांची तोंडं बघायला मिळतात आणि गुणगुणलं तरी कोणाचा काटा हलत नाही. देवाची स्तुती असो. थोरलीला हा सरळसरळ टोमणा वाटला. टोमणा नसेल तर इतकं हसू कशाला. तिने घंटा वाजवली. वाजवल्यावर घड्याळ पाहिलं, तर तीन मिनिटांना अजून दहा सेकंद होते. इतक्या वर्षांत घंटा आधी वाजल्याची ही पहिलीच वेळ. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मग तो शनिवार आला.

दर दोन वर्षांनी ती पेटी वरच्या प्रयोगशाळेत तपासायला जायची. सोमवारी पाठवायची होती. सोबतच्या फॉर्मवर प्रत्येक वजनाची अवस्था लिहायची असते, कुठे चरा आहे का, डाग आहे का, भिंगातून पाहून. सगळे दुपारी निघून गेल्यावर थोरलीने तोंडाला फडकं बांधलं, भिंग घेतलं आणि पेटीवर वाकली.

बिंदू डाव्या खाचेत होता.

तिच्या मनात पहिलं आलं ते हे की कोणी हात लावला. कोणत्या तरी उपटसुंभाने पेटी हाताळली असणार. पण किल्ली कमरेला होती. मग तिला तो दिवस आठवला. सगळी वजनं पुसून जागेवर गेली होती, फक्त ही दोन ओट्यावर उरली होती, आणि फोन वाजला. फोन पाळकसाहेबांचा होता. ते म्हणत होते की मंडळीचे एक वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक, निवृत्त होताहेत आणि त्या जागी तुमच्यासारखी नम्र व्यक्ती हवी असं सर्वांना वाटतं. ती नको-नको म्हणाली होती. तीनदा म्हणाली होती, आणि चौथ्यांदा म्हणाली नव्हती. बोलता बोलता ती ओट्याच्या पलीकडे गेली होती, आणि फोन ठेवून तिथूनच, समोरच्या बाजूने, चिमट्याने दोन्ही वजनं खाचांत ठेवली होती. पलीकडून तिची डावी ती पेटीची उजवी.

तिने खुर्ची ओढली आणि बसली. पुढचं गणित आपोआप सुटत गेलं. हलकं वजन जड समजून तोललं तर तुकडा जास्त भरणार. किती जास्त? बरोबर बाराव्या हिश्श्याइतका. धाकटीने पाच दिवस लिहिलं होतं तेवढाच. मग मिशीवाल्यांना या उलट्या पेटीवर अचूक आकडा मिळाला कसा? मिळालाच नव्हता. ते आधी वहीतला जुना आकडा वाचत होते आणि मग तोलत होते. त्या खोलीत दिसलं ते लिहिणारं माणूस एकच होतं, आणि थोरलीने वेचून नेमकं तेच बाहेर काढलं होतं.

तिने चिमटा घेतला आणि दोन्ही वजनांची अदलाबदल केली. दोन सेकंद लागले. सवयीने मोजले गेले. पेटी बंद केली. वरच्या प्रयोगशाळेत ती निर्दोष ठरणार होती. कोणाला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता.

घरी येऊन ती दुसऱ्या दिवशीची साक्ष लिहायला बसली. वार्षिक उपकारस्तुतीची उपासना होती आणि तिचं नाव वडील म्हणून जाहीर व्हायचं होतं. प्रसंग मोठा, तेव्हा नम्रताही थोडी वाढवायला हवी होती. तिने 'मी सर्वांत अपात्र' असं घातलं. मग 'मला याची जाणीव आहे' असंही घातलं. वाचून पाहिलं, बरोबर चाळीस सेकंद. तरी काही तरी खुपत होतं, म्हणून जे तिला येत होतं ते तिने केलं. मोजलं. मी, माझं, मला, माझ्या: मिळून अकरा. देव: दोन. त्यातला एक 'देवाच्या कृपेने माझ्या'मधला.

प्रयोगशाळेत असा तराजू आला असता, तर तिने तो दारातूनच परत पाठवला असता.

ती एकेक 'मी' खोडत गेली. 'मी अपात्र' गेलं, 'मला जाणीव' गेलं, 'माझ्या हातून सेवा' गेलं. शेवटी कागदावर तीन शब्द उरले: देव भला आहे. त्यापुढे तिला ओळ सुचेना. अर्धा तास बसली. वाक्य खरं होतं, पूर्ण होतं, आणि त्यात तिच्यासाठी कुठेच जागा नव्हती. इतक्या वर्षांची स्तुती पिळून काढली तर हाती एवढंच लागलं, आणि तेही धाकटी दर रविवारी म्हणते तेच.

रविवारी ठेकेदार झाला, मुख्याध्यापक झाले, कोरडा रुमाल झाला. थोरली घंटा वाजवायची विसरली, त्यामुळे मुख्याध्यापक सात मिनिटं बोलले आणि शेवटी स्वतःच घाबरून थांबले. मग ती उठली. कागद पर्समध्येच राहिला.

"वीस ग्रॅमची दोन वजनं मी उलट ठेवली," ती म्हणाली. "जे डाव्या खाचेत हवं ते उजवीत ठेवलं. मग आकडा चुकला, तेव्हा मी वजनं पाहिली नाहीत. जिने खरं लिहिलं तिचा हात जड आहे असं लिहून दिलं. वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं. वाकायचं नाही हा नियमही माझाच. आणि काल मी ती गुपचूप सरळ करून ठेवली. देव भला आहे." ती खाली बसली.

मग पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले की किती खोल दृष्टांत. आपण सगळेच आपल्या जीवनातली वजनं चुकीच्या खाचेत ठेवतो, नाही का. बाकांवरून आमेन, आमेन झालं. ठेकेदार पुन्हा उठला आणि म्हणाला की भगिनीने सांगितल्याप्रमाणे माझ्याही जीवनात डावी खाच उजवी झाली होती. कोरडा रुमाल पहिल्यांदाच ओला झाला. तिचं नाव जाहीर झालं तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं की नम्रता असावी तर अशी. आणि इतकं सगळं होऊनही थोरलीला आतून गुदगुल्या झाल्या. हे तिला मनाशी नोंदवावंच लागलं. कबुली देऊनसुद्धा ती नफ्यात होती.

फक्त धाकटी आमेन म्हणाली नव्हती. उपासनेनंतर ती मागच्या नळावर चहाचे कप विसळत होती. थोरली जवळ गेली, तर तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"पेटी कोणत्या तारखेला पुसली होती?"

थोरलीने तारीख सांगितली.

"म्हणजे माझे पाचही आकडे बरोबर होते."

"हो."

धाकटीने एक कप दोनदा विसळला. "मग इथे कशाला सांगितलंत? यांना खाच कळते की वजन? ज्या वहीत माझा हात जड आहे असं लिहिलंय, तिथे लिहा."

"पाळकांना तरी सांगते की तो दृष्टांत नव्हता."

"सांगा. त्यांना आवडणार नाही."

पाळकसाहेबांना खरंच आवडलं नाही. आता सर्वांना इतका लाभ झालाच आहे, तर दृष्टांतच राहू दिला तर नाही का चालणार, असं त्यांनी विचारून पाहिलं. थोरलीने आयुष्यात बऱ्याच लोकांना मनातल्या मनात फडतूस ठरवलं होतं. या वेळी ती तसं ठरवणार तोच तिला जाणवलं की शनिवारी दुपारी दोन सेकंदांत आपण हेच केलं होतं. ती एवढंच म्हणाली की वडीलपण आत्ता नको. नको एकदाच म्हणाली.

सोमवारी प्रयोगशाळेत साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला. भला माणूस, पण झंझट नको असलेला. पेटी आता नीट आहे ना, मग झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांचं म्हणणं. लिहायचंच तर हवेत दमटपणा होता असं लिहा. दीड महिन्यात त्या पेटीवर चौदा दाखले गेले होते, चौदाही थोरलीच्या सहीचे. लिहिलं तर चौदा पत्रं पाठवून चौदा ठिकाणची वजनं परत मागवावी लागणार होती. थोरलीला दमटपणाचा मोह झाला. एकोणीस वर्षांत एकदाही तिने दमटपणावर काही ढकललं नव्हतं. एकदा तर चाललं असतं. पण तिने लाल पेन घेतलं आणि वहीत लिहिलं: अमुक तारखेला पेटी साफ करताना मी दोन वजनं उलट ठेवली. त्या पाच दिवसांचे जाऊबाईंचे आकडे बरोबर. मग 'जाऊबाईंचे' खोडून तिथे हुद्दा लिहिला, कारण वही सरकारी होती.

नियम नियमाच्या जागी. ज्याच्या हातून प्रमाण वजनांत चूक होते, त्याला तीन महिने तराजूच्या खोलीत पाऊल ठेवता येत नाही. हा नियमही थोरलीनेच सुचवलेला. ती बाहेरच्या खिडकीवर आली आणि धाकटी आत गेली. मिशीवाले नव्याने हाताची परीक्षा द्यायला लागले, आणि जाता येता पुटपुटायचे की देवभोळ्या बायकांना नसते उद्योग फार. आत गेल्याबरोबर धाकटीने पहिलं काम केलं ते पाटी उतरवण्याचं. मग फडकं बांधून, भिंग घेऊन, पेटीवर वाकून बिंदू पाहिला, आणि मगच चिमटा उचलला.

खिडकीवरचे पहिले काही दिवस थोरलीला वाटायचं की येणारा-जाणारा आपल्याकडे पाहून हसतोय. मग कळलं की कोणी पाहतच नाही. लोकांना शिक्का हवा असतो. हे जास्त झोंबलं. समोर चांभार होता, मांडीवर मांजर होतं. धाकटीने काही वाढवून सांगितलं नव्हतं.

एका दुपारी धाकटी डबा घेऊन खिडकीजवळ आली, तेव्हा थोरलीने न राहवून सांगून टाकलं. म्हणाली की आज सकाळी अर्ज लावता लावता तोंडातून निघालं, देव भला आहे, आणि त्यात 'मी' शून्य होते. शून्य. पण शून्य मोजलं आणि लगेच छाती फुगली. म्हणजे आलाच तो पुन्हा, आता शून्यावर बसून.

धाकटी हसली. तोंडात घास असल्यामुळे तिला ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाली, "जाऊबाई, मोजू नका. नुसतं म्हणा."

आणि ती तिथेच, खिडकीजवळ, गायला लागली, नेहमीसारखी, सूर वाऱ्यावर सोडून. थोरली एक ओळ थांबली. मग तीही लागली. तेव्हा असं निघालं की तिचाही सूर काही जागेवर नव्हता. इतकी वर्षं ती ओठ हलवण्यापुरतीच गायची, म्हणून हे कोणाला माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. चांभाराने मान वर केली. मांजर मांडीवरून उतरून गेलं.

खिडकीबाहेर एक सोनार वजनांची डबी घेऊन कधीचा उभा होता. कडवं संपेपर्यंत त्याने वाट पाहिली.

"बाई," तो म्हणाला, "शिक्का मारता का?"

थोरलीने शिक्का मारला. तो थोडा तिरका बसला, आणि तिने तो तसाच जाऊ दिला.